यकृताची खरी कसोटी रक्त परतताना

प्रत्यारोपणासाठीचं यकृत नेताना पुण्यात ग्रीन कॉरिडॉर (वाहतूक थांबवून मोकळा केलेला रस्ता) झाला की लोहगाव विमानतळापासून रुग्णालयापर्यंत किती मिनिटं लागली, हे ठळक छापून येतं. वाहतूक पोलिसांचं ते कौतुक रास्तच आहे. पण त्यामुळे यकृत वेळेत पोहोचलं म्हणजे वाचलं, असा समज रुजतो. मोठा घाव तर रक्तप्रवाह पुन्हा सुरू होताना बसतो.

दात्याच्या शरीरातून काढताना यकृत थंड द्रावणानं धुतात आणि पिशव्यांत बंद करून बर्फात ठेवतात. ४ अंशांना पेशींचा चयापचय साधारण १० टक्क्यांवर येतो, पण थांबत नाही. ऑक्सिजन नसल्यानं एटीपी हे पेशीचं इंधन संपत जातं आणि मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत, सक्सिनेट हा चयापचयातला मधला पदार्थ साचतो.

सगळी गोम या सक्सिनेटमध्ये आहे. पोर्टल व्हेन या आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेवरचा क्लॅम्प (चिमटा) काढला की कोमट रक्त ऑक्सिजन घेऊन आत शिरतं आणि साठलेलं सक्सिनेट झपाट्यानं जळू लागतं. त्यातून इतके इलेक्ट्रॉन सुटतात की पुढची वाट अपुरी पडते. मग ते उलटे फिरून कॉम्प्लेक्स-१ मध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या इलेक्ट्रॉन-साखळीच्या पहिल्या कडीत, घुसतात आणि तिथे ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हे पेशींना इजा करणारं रसायन तयार होतं. खडकवासला धरणातून एकदम पाणी सोडलं की पुण्यातला ठेंगणा भिडे पूल बुडतो, तसंच हे. पेशी फुटतात, यकृतातल्या कुप्फर या रोगप्रतिकारक पेशी चवताळतात आणि दाह पसरतो.

उपाय सुंदर आहे: पाणी आधीच हळूहळू सोडायचं. यकृत जोडण्यापूर्वी १ ते २ तास, ८ ते १२ अंशांना, ऑक्सिजन भरपूर असलेलं रक्तविरहित द्रावण यंत्रानं पोर्टल व्हेनमधून फिरवतात. या थंडीत सक्सिनेट संथपणे जळतं, इलेक्ट्रॉन पुढेच जातात, एटीपी पुन्हा भरतं. दाब पाऱ्याच्या ३ ते ५ मिलिमीटरच हवा. जास्त झाला तर सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं नाजूक अस्तर सोलवटतं. कॉम्प्लेक्स-१ मधून सुटून द्रावणात उतरलेल्या फ्लेविन मोनोन्यूक्लिओटाइड या रेणूच्या चमकेवरून कॉम्प्लेक्स-१ किती दुखावलंय तेही कळतं. हृदय थांबून मृत्यू झालेल्या दात्यांच्या यकृतांवरच्या चाचणीत (२०२१) सहा महिन्यांत पित्तनलिका आकसण्याचा त्रास १८ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला. जिवंत दात्याच्या यकृताला मात्र याचा फायदा कमी, कारण ते बर्फात फार वेळ राहतच नाही.

  

क्लॅम्प काढण्यापूर्वी आणखी एक काम असतं. यूडब्ल्यू या साठवणीच्या द्रावणात पोटॅशियम रक्तातल्यापेक्षा सुमारे पंचवीसपट असतं. ते धुऊन काढलं नाही तर हृदय थांबू शकतं. म्हणून सलाइन किंवा अल्ब्युमिननं यकृत धुतात. तरीही रक्तदाब कोसळू शकतो, त्यामुळे भूलतज्ज्ञ हृदयाला आधार देणारं कॅल्शियम हाताशी ठेवतात. पुढच्या काही तासांत रक्तातलं लॅक्टेट (जे चालू यकृत साफ करतं) उतरत नसेल, तर यकृताच्या धमनीत गुठळी तर नाही ना, हे लगेच डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून पाहतात.