‘ज्यूंनी येशूला मारलं’ ही कॅथलिक शिकवण नाही

गुड फ्रायडे जवळ आला की ठाण्यातही ‘ज्यूंनी येशूला मारलं’ हे वाक्य ऐकू येतं, जणू चर्चच तसं शिकवतं. हे साफ चुकीचं आहे.

क्रूसावर खिळणं ही रोमन शिक्षा होती. हुकूम रोमन सुभेदार पिलाताचा, अंमलबजावणी त्याच्या शिपायांची. काही ज्यू पुढाऱ्यांनी त्याची मागणी केली, हे बायबलमधल्या शुभवर्तमानांत आहेच. पण २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात स्पष्ट सांगितलं : त्याचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट टाकता येत नाही, आजच्या ज्यूंवर तर नाहीच. २,२२१ मतं बाजूने, ८८ विरुद्ध. त्याआधीच, १९५९ मध्ये, पोप तेविसावे जॉन यांनी गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून ज्यूंबद्दलचं अपमानकारक विशेषण काढलं होतं. १९८६ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) गेले आणि ज्यूंना ‘थोरले भाऊ’ म्हणाले.

तरी गैरसमज टिकतो. आमच्या मते त्याला मोठा हातभार दुःखसहनाच्या, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाची कथा दाखवणाऱ्या नाटकांचा. येशू आणि शिष्य पांढऱ्या झग्यात, ओरडणारा जमाव तेवढा ‘ज्यू’ वेशात! येशू, मरिया, पेत्र हे सगळे ज्यूच होते. म्हणून सगळ्यांना एकसारखा वेश द्या, जमाव लहान ठेवा, त्यातच रडणाऱ्या स्त्रियाही दाखवा, निकाल पिलाताच्याच तोंडी ठेवा.

ज्यूंना जवळून ओळखायला ठाण्यातल्या १८७९ च्या ‘शआर हशामाईम’ सिनेगॉगमध्ये जायचं असेल तर आधी विचारा. पुरुषांनी डोकं झाकावं. शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडं आधीच शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो; त्या काळात मोबाइल, फोटो नकोत. भेट म्हणून घरचा केक नको, कोशरचे, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे, नियम आड येतात. अख्खी फळं न्या.