जंतूच्या अंगावरच्या दशा

नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या दातांच्या दवाखान्यात जा नाहीतर पंचवटीतल्या, हिरड्यांतून रक्त येतंय म्हटलं की एकच शब्द कानावर पडतो: पायोरिया. कशानं झाला? जंतूंनी. आमच्या आजीला मिसरीची सवय होती. तिचे दात हलायला लागले तेव्हा घरच्यांनी सगळा दोष मिसरीवर टाकला आणि विषय मिटवला. मिसरी वाईटच. पण ‘जंतूंनी’ या एका शब्दाखाली किती काय झाकलं जातं, हे मला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायला लागल्यावर कळलं.

तोंडातले जंतू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या एका कापडव्यापाऱ्यानं. आंतोनी व्हान लेव्हेनहूक रोज सकाळी मिठानं दात घासायचा, अगदी आपल्या जुन्या माणसांसारखा. तरी दातांच्या फटीत पिठाच्या घोळासारखा पांढरा थर साचतोच, हे त्याला खटकलं. तो थर त्यानं स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला. त्यात वळवळणाऱ्या जिवांचं वर्णन करणारं त्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलेलं पत्र १७ सप्टेंबर १६८३ चं आहे.

वळवळ त्याला दिसली, जंतूंच्या अंगावरचे केसांसारखे तंतू दिसणं शक्यच नव्हतं. साध्या सूक्ष्मदर्शकाची नजर २०० नॅनोमीटरच्या आसपास थकते आणि हे तंतू जाडीला जेमतेम पाच-सात नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या रुंदीत असे हजारो तंतू शेजारी शेजारी मावतील. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली. तो १९३१ मध्ये जर्मनीत तयार झाला आणि १९५० च्या सुमारास जंतूंच्या अंगावरचे हे बारीक तंतू नीट नजरेत आले. मग नावावरून दोन पक्ष पडले. ड्युगिड आणि सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये ‘फिंब्रिए’ म्हटलं, ब्रिंटन यांनी १९५९ मध्ये ‘पिलाय’. लॅटिनमध्ये पहिल्याचा अर्थ झालर, दुसऱ्याचा केस. दातांच्या क्षेत्रात पहिलंच नाव जास्त रुळलं. मला विचाराल तर आपला ‘दशा’ हा शब्द दोन्हींपेक्षा सरस. उपरण्याच्या कडेला सुटलेल्या दशा डोळ्यांपुढे आणा, चित्र तेच.

या दशा हव्यात कशाला? गोदावरीला पूर आला की घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी चढलं हे नाशिककर बघायला जातात. घाटावर जे बांधलेलं नाही ते वाहून जातं. तोंडातही दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ वाहते. ज्याला दातावर, हिरडीवर किंवा निदान शेजारच्या जंतूवर पकड बसवता येत नाही तो थेट पोटात जातो. अ‍ॅक्टिनोमायसीस या जंतूकडं तर दोन प्रकारच्या दशा असतात. एक दातावर बसलेल्या लाळेतल्या प्रथिनांना धरते, दुसरी स्ट्रेप्टोकॉकस या शेजारच्या जंतूच्या अंगावरच्या साखरेला. दातावरचा थर असा एकमेकांचे हात धरून वाढतो.

पायोरियातला नावाजलेला गुन्हेगार मात्र वेगळा: पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. हे नाव त्याला १९८८ मध्ये मिळालं, त्याआधी तो बॅक्टेरॉइड्स जिंजिव्हॅलिस होता. जपानच्या योशिमुरा आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्याच्या लांब दशा वेगळ्या काढून शुद्ध केल्या. ज्या प्रथिनाच्या मण्यांनी ही दशी ओवलेली असते त्याचं फिम-ए हे जनुक १९८८ मध्ये वाचून झालं. तोवर सगळ्यांच्या मनात एक जंतू, एक दशी असंच होतं.

गडबड पुढं झाली. वेगवेगळ्या रुग्णांकडून घेतलेले जंतू तपासले तर एकाच्या दशीविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडीज) दुसऱ्याच्या दशीला ओळखतच नव्हती. नाव एक, दशी निराळी. १९९३ मध्ये फिम-ए जनुकाचे चार प्रकार मांडले गेले, २००० च्या सुमारास पाचवा मिळाला, मग पहिल्याचाच ‘१-ब’ हा उपप्रकार. ओसाकातल्या अमानो यांच्या गटानं पीसीआर, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून तो ओळखण्याची पद्धत, वापरून हे प्रकार थेट माणसांच्या तोंडात शोधले. हिरड्या निरोगी असलेल्या प्रौढांत हा जंतू सापडला तर बहुतेकदा पहिल्या प्रकारचा, आणि हिरड्या सडलेल्यांत दुसरा प्रकार ठळकपणे जास्त. म्हणून दुसरा प्रकार म्हणजे दात गेलाच, असं नाही. तो निरोगी तोंडातही भेटतो. नेहमीच्या दवाखान्यात ही तपासणी होतही नाही, आणि किटण काढायचं ते कुठल्याही प्रकाराला काढावंच लागतं.

हा फरक का टिकला असावा? दशी ही जंतूची सर्वांत बाहेरची वस्तू, शरीराची प्रतिद्रव्यं पहिल्यांदा तिच्यावरच चाल करून येतात. ओळखलं गेलेलं रूप टाकून वेगळं धारण करणाऱ्याचं फावतं, असा तर्क मला पटतो. याच जंतूला एमएफए-१ नावाच्या प्रथिनाच्या आखूड दशाही असतात आणि त्यांच्यातही प्रकार आहेत. २०१६ मध्ये या दशांची रेणवीय रचना उलगडली तेव्हा त्या आधी माहीत असलेल्या कुठल्याच घराण्यात बसेनात. त्यांना पाचवं घराणं मानावं लागलं. दशीचा मणी आधी मेदाची शेपटी घेऊन बाहेर येतो, जंतूचंच विकर (एन्झाइम) त्याचा पुढचा तुकडा कापतं आणि मगच तो दुसऱ्या मण्यात ओवला जातो.

आता यातली गंमत. प्रयोगशाळांत सर्वाधिक वापरले गेलेले या जंतूचे दोन वाण (स्ट्रेन) म्हणजे ३८१ आणि एटीसीसी ३३२७७. योशिमुरांनी १९८४ मध्ये दशा काढल्या त्या ३८१ वरूनच. २०१० मध्ये नागानो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या दोन्ही वाणांत फिम-बी हे शेजारचं जनुक मधेच तुटलेलं आहे. त्या जनुकाचं काम दशीची लांबी आवरणं आणि तिला जंतूच्या अंगाला घट्ट बांधून ठेवणं. ते नसल्यामुळं दशा वाजवीपेक्षा लांब वाढत होत्या आणि सहज सुटून येत होत्या. पुस्तकांतल्या चित्रांत वर्षानुवर्षं दिसणारं ते घनदाट जावळ अशा बिघडलेल्या वाणांचं होतं. २०१० च्या त्या निबंधाच्या लेखकांत योशिमुरांचंही नाव आहे.