विरुद्ध रंग आणि वाचता येणारे रंग

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातील मंडळांच्या अहवालांची मुखपृष्ठे आणि चौकाचौकांतील फ्लेक्स यांवर एकच चूक पुन्हा पुन्हा पाहावी लागते. हिरव्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरे नाहीतर भगव्यावर पांढरी अक्षरे असतात, आणि हरकत घेतली तर करणारा शांतपणे सांगतो की दोन्ही रंग एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. ते वेगळे आहेतच. परंतु दोन रंग वेगळे असणे आणि एका रंगावर दुसऱ्या रंगात लिहिलेला मजकूर वाचता येणे या स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणाऱ्यांत रीतसर शिकलेले डिझायनरही असतात.

रंगचक्र, म्हणजे वर्तुळात क्रमाने मांडलेले रंग, बहुतेकांना पाठ असते, त्यामुळे त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. लालासमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. समोरासमोरचे रंग घेतले की चित्र झणझणीत होते आणि शेजारचे घेतले की सौम्य राहते. पडद्यासाठी आरजीबी (लाल, हिरवा, निळा प्रकाश) आणि छपाईसाठी सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी शाई) हा भेदही आता नवा राहिलेला नाही. छापखान्याला कोणती फाइल लागते ते विचारावे आणि पुढे जावे.

खरी अडचण उजळपणाची आहे. रंगचक्र केवळ रंगछटा सांगते. तो रंग डोळ्याला किती उजळ भासतो याविषयी ते काहीच सांगत नाही. आपला डोळा हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक आणि निळ्याला सर्वांत कमी प्रतिसाद देतो, म्हणूनच पडद्यावरील पांढऱ्याच्या उजळपणात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालाचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो. अक्षरांची कड डोळा मुख्यतः या उजळपणातील फरकावरून ओळखतो. तो फरक मोजण्याचे गुणोत्तर १ पासून २१ पर्यंत जाते: एकाच रंगावर तोच रंग म्हणजे १, पांढऱ्यावर काळा म्हणजे २१. संकेतस्थळांच्या सुगम्यतेसाठी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने घालून दिलेल्या निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षरांना किमान ३ इतके गुणोत्तर अपेक्षित आहे.

आता आरजीबीतील, म्हणजे लाल-हिरवा-निळा या क्रमाने ० ते २५५ अशा आकड्यांत सांगितलेला, शुद्ध लाल (२५५-०-०) आणि नेहमीचा मध्यम हिरवा (०-१२८-०) घ्या. रंगचक्रावर यांच्याइतके एकमेकांपासून दूर फार थोडे रंग असतील, आणि तरीही त्यांच्यातील गुणोत्तर सुमारे १.३ भरते. रंगांधळेपणामुळे ज्यांना लाल आणि हिरवा यांतील भेदच नीट दिसत नाही, अशा पुरुषांच्या हाती तर मग काहीच उरत नाही. भगव्याचे (२५५-१५३-५१) उदाहरण पुण्यात अधिक उपयोगी पडेल: त्यावर पांढरी अक्षरे टाकली तर गुणोत्तर सुमारे २.१, काळी टाकली तर जवळजवळ ९.९. काळा नको असेल तर गडद मरून (१२८-०-०) घ्यावा, तो ५.१ देतो, आणि भगवा व मरून हे रंगचक्रावर शेजारी शेजारी आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. पैठणीच्या जांभळ्या अंगाला हिरवे काठ शोभतात, कारण काठांवरून कोणाला कार्यक्रमाची वेळ वाचायची नसते.

येथे सॉफ्टवेअरही फसवते. रंग निवडण्याच्या खिडकीत एचएसएल (रंगछटा, तीव्रता, उजळपणा) पद्धतीचा जो ‘लाइटनेस’ दिसतो, त्यात शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा दोन्ही ५० टक्केच असतात, मात्र पांढऱ्या कागदावर पिवळी अक्षरे जवळपास अदृश्य होतात आणि निळी स्वच्छ दिसतात. फोटोशॉपमधील ‘डिसॅच्युरेट’ ही आज्ञा असाच हिशेब करते आणि लाल, हिरवा, निळा, पिवळा या सर्व शुद्ध रंगांचा एकच करडा करून टाकते. त्यामुळे पडताळणीसाठी ती निरुपयोगी आहे. फाइलचा मोड ‘ग्रेस्केल’ करून पाहावे किंवा रंग मोजण्याच्या लॅब पद्धतीतील ‘एल’चा, म्हणजे डोळ्याला भासणाऱ्या उजळपणाचा, आकडा वाचावा. तेथे पिवळा सुमारे ९७ आणि निळा सुमारे ३२ दिसतो, म्हणजे डोळ्याला जाणवते तेच आकड्यांत येते.

देवनागरीत ही बाब अधिक गंभीर होते. अनुस्वाराचा ठिपका, रफार, उकार हे मुळात लहान असतात आणि उजळपणातील फरक अपुरा पडला की सर्वांत आधी तेच नाहीसे होतात. ‘मंद’ आणि ‘मद’ यांतील अंतर एका ठिपक्याचे आहे. फ्लेक्स करणारे यावर उपाय म्हणून अक्षरांभोवती जाड पांढरी कड आणि तिच्याबाहेर काळी सावली देतात. मला ही सवय मनापासून नापसंत आहे. कड देण्याची गरज भासली, याचाच अर्थ अक्षर आणि पार्श्वभूमी यांचे रंग चुकले आहेत, आणि शिवाय त्या जाड कडेने अनुस्वार व मात्रा एकमेकांना चिकटतात.

माझ्या मते संपूर्ण मांडणी आधी केवळ काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत करावी, ती वाचता येऊ लागली की प्रत्येक करड्याच्या जागी तितक्याच उजळपणाचा रंग बसवावा, आणि मजकुरासाठी दोनांहून अधिक रंग वापरू नयेत. विरुद्ध रंगांची हौस किनार, शिक्का किंवा कोपऱ्यातील जास्वंदीच्या फुलावर भागवता येते. वर्गणीचे आवाहन असो की विसर्जन मिरवणुकीची सूचना, रंगीत मूळ प्रत एकदाच छापली जाते आणि सोसायट्यांच्या फलकांवर तिची काळी-पांढरी झेरॉक्सच लागते. करड्या रंगांतून तयार झालेली मांडणी त्या झेरॉक्सवरही वाचता येते, तर लाल-हिरव्या मांडणीच्या जागी करडा चौकोन उमटतो.