प्रिंटचा हिशेब : मुंबईतील चित्रपट वितरणाची पार्श्वभूमी

मोबाइलमुळे करमणुकीचे जग बदलले, असे आज सर्रास म्हटले जाते. मुंबईत मात्र या बदलाची सुरुवात त्याच्या बरीच आधी, प्रेक्षकांच्या नजरेआड, चित्रपटगृहांच्या प्रोजेक्शन खोलीत झाली होती. त्याच्या मुळाशी चित्रपटाची प्रिंट होती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तेव्हापासून सुमारे नव्वद वर्षे चित्रपट ही हातात धरता येणारी, चांगलीच वजनदार वस्तू होती. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे या वेगाने मिनिटाला ९० फूट सरकते. म्हणजे अडीच तासांच्या एका प्रिंटला साडेतेरा हजार फूट फिल्म लागे. ती रिळे पत्र्याच्या डब्यांतून गावोगावी जात. या व्यवहाराचे मोठे केंद्र लॅमिंग्टन रोडवरील नाझ सिनेमाच्या आवारात होते, कारण वितरकांची कार्यालये तेथेच एकवटली होती.

प्रिंट महाग असल्यामुळे मराठी निर्मात्याला मोजक्याच प्रती काढणे परवडे. चित्रपट आधी मुंबई-पुण्यात चाले, मग त्याच प्रती जिल्ह्याच्या गावी आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत पोहोचत. तोवर फिल्मवर इतके ओरखडे उठलेले असत की पडद्यावर पाऊस पडत असल्यासारखे दिसे. ग्रामीण महाराष्ट्रातील प्रेक्षकांनी आपल्याच भाषेतला चित्रपट वर्षानुवर्षे अशा अवस्थेत पाहिला, ही गोष्ट मराठी चित्रपटाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही, असे मला वाटते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, ऐंशीच्या दशकात चाळींत वर्गणी काढून भाड्याचे व्हीसीआर आले, नव्वदच्या दशकात केबल आली. या माध्यमांनी चित्रपट घरात आणला; थिएटरातली प्रिंट मात्र तशीच राहिली.

खरी कलाटणी २००५च्या सुमारास मिळाली. मुंबईतील यूएफओ मूव्हीज या कंपनीने कुलूपबंद डिजिटल फाइल उपग्रहामार्फत थेट चित्रपटगृहात उतरवण्याची पद्धत रुजवली. ठरलेल्या खेळांपुरताच परवाना मिळत असल्याने किती खेळ झाले याची नोंद आपोआप राहू लागली, आणि लहान गावातही पहिल्याच शुक्रवारी स्वच्छ चित्र दिसू लागले. पुढच्या दशकभरात फिल्म धुणाऱ्या आणि प्रिंट काढणाऱ्या प्रयोगशाळांचे काम जवळजवळ संपले.

प्रतीचा अडसर दूर झाला, तरी पडद्याची अडचण उरलीच. फाइल एका क्षणात बदलता येते, त्यामुळे पहिल्या दोन दिवसांत गर्दी न खेचणारा चित्रपट उतरवणेही तितकेच सोपे झाले. मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला हस्तक्षेप करावा लागला, त्यामागे हीच चणचण होती.

जतनाचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्याच मॅजेस्टिक सिनेमात झळकलेल्या ‘आलम आरा’ची आज एकही प्रत उपलब्ध नाही. डिजिटल फाइलला ओरखडा पडत नाही हे खरे. पण हार्ड डिस्क बिघडते, फाइलचे प्रकार कालबाह्य होतात, म्हणून दर काही वर्षांनी ती नव्या साठवणीत उतरवावी लागते. हा कायमचा खर्च लहान निर्मात्याने कोठून करावा, याची व्यवस्था अजून नीट लागलेली नाही.

२०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटने चित्रपटगृहाची अटही उरू दिली नाही. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे कानात साठवत मुंबईत फिरणाऱ्या एका शास्त्रीय गायकाची कथा सांगणारा चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट ‘द डिसायपल’ एप्रिल २०२१च्या अखेरीस नेटफ्लिक्सवर आला. महासाथीमुळे त्या दिवशी मुंबईतली चित्रपटगृहे बंद होती.