समुद्र उशाशी, तरी आयोडीन उणे

गोव्यातल्या आगरवाडोच्या मिठागरातलं जाडं मीठ चेपणीच्या, म्हणजे मिठात दाबून मुरवायच्या, आंब्यांना लागतंच, बांगडे खारवायलाही लागतं. त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘दर्याचं मीठ, म्हणजे आयोडीन आलंच’ हा समज हिशेबात टिकत नाही. समुद्राच्या लीटरभर पाण्यात मीठ साधारण 35 ग्रॅम आणि आयोडीन जेमतेम 60 मायक्रोग्रॅम. ते सगळं मिठात उतरलं असं धरलं तरी ग्रॅममागे 2 मायक्रोग्रॅम भरत नाहीत. त्यातलंही बरंच हवेत आणि मीठ ओढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात जातं. दिवसाला 5 ग्रॅम मीठ खाणाऱ्या बाईच्या पदरात त्यातून 10 मायक्रोग्रॅमही पडत नाहीत. गरज असते 150ची. गरोदरपणी आणि बाळ अंगावर पीत असताना 250ची. उपवासाचं सैंधवही याच पंगतीतलं.

आयोडीनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं असतं आणि विक्रीच्या वेळी ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असावं लागतं. म्हणजे 5 ग्रॅममधून निदान 75. उरलेलं मासळी, अंडी, दूध यांतून यायचं. जून-जुलैत ट्रॉलर बंद, पाठोपाठ श्रावण. तेव्हा मासळीचा वाटा कमी होतो आणि नेमकं तेव्हाच मीठही बिघडतं. पिशवी कापून तशीच चुलीजवळ ठेवली की पावसाळी हवेत मीठ पाझरतं. तळाशी साचलेलं पाणी ओतून दिलं की विरघळलेलं आयोडेटही त्यासोबत गेलं. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, महिन्याभरात संपेल एवढंच पाकीट, आणि हुमणात, म्हणजे माशांच्या आमटीत, मीठ शेवटी. मीठ वाढवायचं मात्र नाही, तेवढंच खायचं पण आयोडीनचं.

दिवस राहिल्यावर लक्ष घालू, असं म्हणून चालत नाही. गर्भाची थायरॉईड ग्रंथी पुरेसं काम करू लागते ती साधारण पाचव्या महिन्यात. तोवर त्याचा मेंदू घडतो तो मुख्यतः आईच्या थायरॉक्सिनवर, म्हणजे तिची थायरॉईड ग्रंथी आयोडीनपासून बनवते त्या संप्रेरकावर, आणि सुरुवातीच्याच आठवड्यांत आईच्या ग्रंथीला सुमारे दीडपट उत्पादन करावं लागतं. पाळी चुकल्याचं कळेपर्यंत हे काम सुरू झालेलं असतं. निरोगी ग्रंथीत 10 ते 20 मिलिग्रॅम आयोडीनचा साठा असतो. तो आधीच्या महिन्यांच्या जेवणातून भरतो, दोन आठवड्यांत नव्हे.

आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीत आयोडीन नसतं. गोळी चालू आहे म्हणजे सगळं आलं, असा गैरसमज फार आढळतो. लघवीतल्या आयोडीनची एकदाच केलेली तपासणीही एकट्या बाईबद्दल फारसं सांगत नाही, कारण आकडा रोजच्या जेवणागणिक हलतो. ती मोजणी वस्तीसाठी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर मीठ तिची जागा घेत नाही, आणि समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मनाने घेऊ नयेत: त्यातलं आयोडीन कधी गरजेच्या कित्येक पट असतं आणि जादा आयोडीननेही ग्रंथी मंदावते.