लॅपटॉप प्रोसेसर : ऊर्जा-कार्यक्षमता आणि स्पर्धा

प्रोसेसर खर्च केलेल्या विजेच्या बदल्यात किती काम उरकतो, याला त्याची ऊर्जा-कार्यक्षमता म्हणतात. लॅपटॉपमध्ये तिला विशेष महत्त्व आहे. बॅटरी वाढवली की वजन वाढते, आणि विमानात खास परवानगीशिवाय साधारणपणे 100 वॅट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. त्यामुळे लॅपटॉप जास्त वेळ चालवायचा, तर प्रोसेसरचीच भूक कमी करावी लागते.

चिपमधील ट्रान्झिस्टर (सूक्ष्म स्विच) चालू-बंद होताना लागणारी वीज क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या कामाला ताल देणाऱ्या ठोक्यांच्या, वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते आणि खर्च दुहेरी चढतो. उलट, दोन्ही 20 टक्क्यांनी उतरवले की हा खर्च जवळजवळ निम्मा होतो, काम मात्र फार तर पाचव्या हिश्शाने मंदावते. कार्यक्षमतेच्या बहुतेक युक्त्यांचे मूळ या हिशेबात आहे. संथ क्लॉकवर एकाच ठोक्याला अधिक सूचना हाताळणारा रुंद कोअर (प्रोसेसरमधील काम करणारा स्वतंत्र घटक) तीच गती कमी विजेत देतो. मात्र त्याला चिपवर जागा जास्त लागते, म्हणजे तो महाग पडतो. याशिवाय रिकाम्या बसलेल्या भागांतूनही वीज झिरपत असते, म्हणून त्या भागांचा वीजपुरवठा पूर्ण तोडून ठेवतात. लॅपटॉपचा बराचसा वेळ वापरणाऱ्याच्या पुढच्या बटणाची वाट पाहण्यात जातो. बॅटरी दिवसभर पुरेल की नाही, हे या निष्क्रिय काळातील खर्चावर फार अवलंबून असते. जाहिरातींत मात्र कमाल वेगच मिरवला जातो.

2000 साली ट्रान्समेटा या कंपनीने क्रूसो हा प्रोसेसर आणला. कामाच्या गरजेनुसार तो व्होल्टेज आणि वेग चालता चालता बदलत असे. कंपनी टिकली नाही, पण कमी विजेचा मुद्दा तिने ऐरणीवर आणला. 2003 मध्ये इंटेलच्या इस्रायलमधील हैफा येथील गटाचा पेन्टियम एम आला. गिगाहर्ट्‌झच्या (म्हणजे क्लॉकच्या वेगाच्या) शर्यतीसाठी घडवलेल्या पेन्टियम 4 ची वाट सोडून त्याने कमी वेगात जास्त काम साधले. हीच विचारसरणी 2006 च्या कोअर 2 मधून डेस्कटॉपवरही पोहोचली. लॅपटॉपसाठी केलेली काटकसर सगळ्या संगणकांच्या कामी आली, ही या इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणता येईल.

पुढे स्पर्धा थंडावली आणि गतीही. 2014 मध्ये बाजारात आलेल्या 14 नॅनोमीटर निर्मितीप्रक्रियेवर (हा आकडा जितका लहान, तितके ट्रान्झिस्टर दाट) इंटेलला अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक काळ राहावे लागले. हा बांध 2020 मध्ये फुटला. इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या रायझन 4000 मालिकेने, इतरांसाठी चिप घडवणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीच्या 7 नॅनोमीटर प्रक्रियेवर, 15 वॅटच्या प्रोसेसरांच्या वर्गात आठ कोअर बसवले. त्याच नोव्हेंबरात ॲपलचा एम1 आला : 5 नॅनोमीटर, 16 अब्ज ट्रान्झिस्टर, चार वेगवान आणि चार काटकसरी कोअर. पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्येही तो बसला. क्वालकॉमने 2021 मध्ये नुव्हिया ही कंपनी विकत घेतली आणि 2024 मध्ये तिच्या कोअरवर आधारलेले स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसर विंडोज लॅपटॉपमध्ये उतरवले.

ॲपल आणि क्वालकॉमच्या या यशाचे सारे श्रेय त्यांच्या प्रोसेसरांतील आर्म सूचनासंचाला (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांच्या संचाला) देण्याची पद्धत आहे, पण ते पटत नाही. रुंद कोअर, नवी निर्मितीप्रक्रिया आणि मेमरीची जवळीक यांचा वाटा त्याहून मोठा आहे. इंटेलचा 2024 चा लूनार लेक याची साक्ष देतो. सूचनासंच इंटेल आणि एएमडी वापरतात तो जुना एक्स86 च, पण संगणन करणारा भाग टीएसएमसीकडून घडवलेला, हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर एकदम दोन कामे चालवण्याची सोय) काढून टाकलेले आणि मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये बसवलेली. माहिती कमी अंतर कापते, म्हणून वीज वाचते; पण अशा लॅपटॉपची मेमरी खरेदीनंतर वाढवता येत नाही.