वन समिती आणि वनहक्क: गावाच्या हाती नेमकं काय?

गावात ‘वन समिती’ आहे म्हटलं की जंगल गावाच्या हाती आलं, असं अनेकांना वाटतं. पण कोणती समिती? संयुक्त वन व्यवस्थापन आणि सामूहिक वनहक्क ही नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, आणि त्यात नुकसान गावाचं होतं.

संयुक्त वन व्यवस्थापन आलं केंद्राच्या १ जून १९९० च्या परिपत्रकातून. जंगल वनखात्याचं, राखायचं गावाने. बदल्यात उत्पन्नातला वाटा. गावाच्या वन समितीचा सचिव सहसा खात्याचाच कर्मचारी.

सामूहिक वनहक्क मात्र २००६ च्या वनहक्क कायद्याने दिला. गाव पिढ्यान्‌पिढ्या जे जंगल वापरत आलं, ते राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क थेट ग्रामसभेचा. बांबू, तेंदू (विडीची पानं), मोह, मध यांची मालकीही तिचीच.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दोन्ही अनुभवलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना खात्याकडेच. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्या मते हक्क खरा झाला तो त्या दिवशी.

हवामानबदलाशी याचा संबंध काय, ते वणव्यातून कळतं. झाडं वर्षानुवर्षं हवेतला कार्बन खोडात, मुळांत साठवतात. वणवा तो पुन्हा हवेत सोडतो. तेंदूला कोवळी पालवी फुटावी म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी जंगलात आग लावली जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर ठरवलं, तेंदूपत्ता तोडायचाच नाही, म्हणजे त्यासाठी आग लावायचं कारणच उरत नाही. उन्हाळ्यातली हक्काची रोख कमाई सोडायला केवढी हिंमत लागते! बांबूवर त्यांनी भागवलं. तेंदूचं काय करायचं हे ठरवणं ज्या समितीच्या हातातच नाही, ती असा निर्णय घेणार कुठून?

तुमच्या गावाचे कागद काढून बघा. ग्रामसभेच्या नावाचं, क्षेत्र आणि सीमा लिहिलेलं हक्कपत्र असेल, तर तो वनहक्क. नुसती समितीची नोंदणी असेल, तर दावा करायचा राहिला आहे. त्याला शेवटची तारीख नाही, आणि सुरुवात ग्रामसभेतूनच होते.